नवजात मांजरीच्या पिल्लाच्या पायाला नाळेचा फास बसलाय – लवकर मदत हवी

पागोळी – १४ जून, सकाळी ५:५२

घाईत लिहितेय, चुका पोटात घाला. आमची ठिपकी काल रात्री पडवीत, शेणी रचतो त्या कोपऱ्यात व्याली. पहिलंच वेत. रात्री अकराला बघितलं तेव्हा दोन पिल्लं झाली होती आणि ती त्यांना चाटत होती. सगळं नीट चाललंय असं वाटून मी दिवा मालवला आणि झोपायला गेले.

आत्ता साडेपाचला उठून पाहते तर चार पिल्लं. एक बाजूला दूध पितंय, ते ठीक दिसतंय. बाकीची तीन एकमेकांत अडकलीत. नाळा, अर्धवट वाळलेली वार आणि खाली घातलेल्या गोणपाटाच्या सुतळ्या, या सगळ्याचा मिळून पीळ झालाय. त्यातलं एक गार पडलंय, हलत नाही. मधल्याचा मागचा उजवा पाय टाचेच्या जरा वरपासून टम्म सुजलाय आणि काळपट जांभळा झालाय. तिसऱ्याचा पुढचा पंजा सुजलाय, पण तो लालसर आहे. ठिपकी एकाला ओढते तशी बाकीची किंचाळतात.

बाहेर मुसळधार आहे. देवरुखला डॉक्टर नऊनंतर भेटतील. कात्री घेऊन बसलेय, पण कुठे कापू तेच कळत नाही. कोणी जागं असेल तर सांगा.

शेवंता – १४ जून, सकाळी ५:५८

जागी आहे. आधी एक गोष्ट: ओढू नकोस. कुठलंच पिल्लू ओढून सुटं करायला जाऊ नकोस. तिघांना तसंच एकत्र उचल, मऊ सुती कपड्यावर ठेव आणि कुशीत धर, अंग गरम राहू दे. ठिपकीला तिथेच बसू दे, तिला पिल्लं दिसली पाहिजेत. आमच्याकडे एक पशुवैद्य ताई असतात, त्यांना निरोप टाकलाय.

पशुवैद्य_सातारा – १४ जून, सकाळी ६:०४

पागोळी, आले आहे. घाबरू नका, पण डॉक्टरांची वाटही बघू नका. फास सुटायला जितका उशीर तितका पाय जाण्याचा धोका जास्त, त्यामुळे हे काम तुम्हालाच आत्ता करायचंय.

लहान, बोथट टोकाची कात्री घ्या. नखं कापायची, बाळांची असते तशी असेल तर उत्तम. उकळत्या पाण्यात पाच मिनिटं ठेवा आणि गार होऊ द्या. तोवर कोमट पाण्यात स्वच्छ कापड भिजवून त्या गुंत्यावर ठेवा. घरी सलाईनची बाटली असेल तर तीच कोमट करा. वाळलेली नाळ चामड्यासारखी कडक होते, भिजली की सैल पडते आणि कात्रीचं टोक आत शिरायला जागा मिळते.

आता कापायचं कुठे. पोटापासून किमान दोन-तीन सेंटिमीटर नाळ पिल्लाकडे राहिलीच पाहिजे, म्हणजे साधारण तुमच्या अंगठ्याच्या पहिल्या पेराएवढी, थोडी जास्त चालेल. कमी मात्र नको. नाळ पोटाच्या अगदी जवळ तुटली किंवा तिला हिसका बसला तर बेंबीतून आतडं बाहेर येऊ शकतं. जिथे नाळ अजून ओली, गुबगुबीत वाटते तिथे आधी पोटाच्या बाजूला दोऱ्याची गाठ मारा आणि गाठीच्या पलीकडे कापा. वाळून दोरी झाली असेल तिथे रक्त येत नाही, सरळ कापा.

आधी पिल्लं एकमेकांपासून सुटी करा. पायाभोवतीचा वेढा त्यानंतर, सावकाश. कात्रीचं पातं कातडीला समांतर सरकवा, टोक कातडीत घालू नका. एक वेढा निघाला म्हणजे सगळे निघाले असं समजू नका. सुजलेल्या मांसात सुतळीचा एखादा तंतू बुडालेला असतो आणि तो डोळ्यांना दिसत नाही, बोटाला लागतो.

शेवंता – १४ जून, सकाळी ६:०७

घरात अजून कोणी असेल तर त्यांना मोबाइलचा टॉर्च धरायला सांग.

पागोळी – १४ जून, सकाळी ६:५१

सुटली.

सासूबाईंनी टॉर्च धरला आणि चष्मा नाकावर ठेवून त्यांनीच मला तो बुडालेला तंतू दाखवला. पायाच्या मागच्या बाजूला, कातडीच्या घडीत. तो निघाला तेव्हा पिल्लाने पाय झटकला. गार पडलेलं पिल्लू खरंच गेलेलं होतं. त्याच्या गळ्याभोवतीच नाळ होती. दिवसभर त्याच्याकडे बघवलं नसतं, म्हणून सासऱ्यांनी आधी त्याला फणसाखाली पुरलं.

पुढच्या पंजावाल्याचा रंग दहा मिनिटांत बदलला, गुलाबी होतोय. मागच्या पायाचा बदलत नाही. हाताला गार लागतोय. दोघांचं अंगही गारसर आहे. दूध पाजू का? ड्रॉपर आहे.

पशुवैद्य_सातारा – १४ जून, सकाळी ६:५६

खूप छान केलंत. सासूबाईंना माझा नमस्कार सांगा.

दूध आत्ता नको. गार पिल्लाला दूध पाजणं ही नवजात पिल्लांच्या बाबतीत सगळ्यात जास्त होणारी चूक आहे. पहिल्या आठवड्यात त्यांचं अंग ३५ ते ३७ अंश सेल्सिअस असतं, आपल्यापेक्षा कमीच, आणि त्यांना थंडीने कुडकुडताही येत नाही. ३५ च्या खाली गेलं की आतडी काम थांबवतात, पाजलेलं दूध पोटात तसंच राहतं किंवा फुप्फुसात जातं. करंगळी तोंडात घालून बघा. तोंड आतून गार लागलं तर आधी ऊब. कोमट पाण्याच्या बाटलीला टॉवेल गुंडाळा, तिच्याशेजारी पिल्लं ठेवा आणि खोक्याची अर्धी बाजू मोकळी सोडा, जास्त गरम झालं तर सरकायला जागा हवी. अर्ध्या-पाऊण तासात तोंड ऊबदार झालं की आईच्या सडाला लावा. पहिल्या सोळा-एक तासांत मिळणारा चीक फार मोलाचा. त्यातून रोगांशी लढण्याची ताकद मिळते आणि नंतर ती आतड्यातून रक्तात शिरत नाही.

पाय चोळू नका, शेकू नका, बर्फ लावू नका, पट्टीही बांधू नका. नुसता कोरडा आणि उघडा ठेवा.

दर्याकिनारी – १४ जून, सकाळी ७:३०

पाय बरा व्हायला हळद-खोबरेल लावा, आमच्या मालवणला हेच करतात. आणि डेटॉलच्या पाण्याने खोका पुसून घ्या म्हणजे जंतू राहणार नाहीत. दुखत असेल तर पॅरासिटामॉलचा एखादा थेंब.

पशुवैद्य_सातारा – १४ जून, सकाळी ७:३४

दर्याकिनारी, तुम्ही काळजीने लिहिलंत हे कळतं, पण कृपया कोणी हे करू नये, विशेषतः शेवटचं. मांजराच्या यकृताला पॅरासिटामॉल पचवता येत नाही. त्याने रक्तातला प्राणवायू वाहून नेणारा घटकच बिघडतो, हिरड्या तपकिरी-निळ्या पडतात. मोठी मांजर एका गोळीच्या तुकड्याने मरते, ही तर शंभर ग्रॅमची पिल्लं. डेटॉलसारखी फिनॉलच्या जातीची जंतुनाशकंही मांजरांना बाधतात. ती सतत अंग चाटत असल्याने जमिनीवरचं सगळं पोटात जातं. साबणाचं पाणी आणि कोरडं फडकं पुरेसं आहे. हळद-खोबरेल विषारी नाही, पण ओलसर लेपाखाली मेलेलं मांस सडतं आणि पायाचा खरा रंग दिसेनासा होतो. आज रंग दिसणं आपल्याला औषधाइतकंच गरजेचं आहे.

दर्याकिनारी – १४ जून, सकाळी ७:४०

मला हे माहीत नव्हतं. बरं झालं सांगितलंत.

अबोली_पुणे – १४ जून, सकाळी १०:१५

पागोळी, दवाखान्यात पोहोचलीस का? वाट बघतेय.

माझी एक गोष्ट सांगते, कारण पिल्लाचा पाय माझ्या हाताने मोडलाय. चार वर्षांपूर्वी माझ्या मनीला तिसरं पिल्लू अडलं. शेपूट आणि मागचा एकच पाय बाहेर दिसत होता. मनी जोर करत होती, ओरडत होती. मला ते पाहवेना. मी रुमालात तो पाय धरला आणि ओढला. पिल्लू बाहेर आलं, जिवंत आलं, पण पाय लोंबत होता. एक्स-रेमध्ये मांडीचं हाड मोडलेलं निघालं. डॉक्टर रागावले नाहीत, आणि त्याचंच मला जास्त लागलं. शस्त्रक्रिया केली नाही, लहान खोक्यात हालचाल कमी ठेवून दर चार दिवसांनी दाखवत राहिलो. हाड जुळलं. पाय किंचित आखूड राहिला, पण आज ती कपाटावर उडी मारते.

डॉक्टरताई, ते अडलेलं पिल्लू नक्की कसं काढायला हवं होतं, हे मला आजही स्वच्छ कळलेलं नाही. सांगाल का?

पशुवैद्य_सातारा – १४ जून, दुपारी २:२०

अबोली, तुमची चूक जवळपास सगळेच करतात. दिसतो तो पाय धरावासा वाटतो.

आधी पायाळूपणाबद्दल. माणसाचं बाळ पायाळू असलं की घरात काळजी पसरते, पण मांजरांत दहातली चार पिल्लं मागच्या बाजूने येतात आणि ती व्यवस्थित जन्मतात. दोन्ही मागचे पाय सरळ मागे आले असतील तर काळजी नाही. अडचण तेव्हा होते जेव्हा मागचे पाय पोटाखाली पुढे दुमडलेले असतात आणि नुसती शेपूट आणि ढुंगण दिसतं. किंवा तुमच्यासारखं, एक पाय बाहेर आणि एक आत अडकलेला. अशा वेळी त्या एका पायावर सगळा भार येतो. नवजात पिल्लाचं हाड म्हणजे कोवळी काडी, सांध्याजवळच्या वाढीच्या भागात ते पटकन तुटतं, नाहीतर खुब्यातून निसटतं.

धरायचं असेल तर पाय नाही, कंबर धरायची. कोमट पाण्यात भिजवलेल्या मऊ कापडाने, अंगठा आणि पहिलं बोट पिल्लाच्या दोन्ही खुब्यांच्या बाजूंना. बुळबुळीतपणा कमी पडत असेल तर दवाखान्यात मिळणारी वंगण जेली लावायची. मांजरीला कळ येईल तेव्हाच हलका ताण द्यायचा, कळ थांबली की आपणही थांबायचं. दिशा सरळ मागे नाही. खाली, मांजरीच्या पायांच्या दिशेने, कमानीसारखी. जन्ममार्ग तसाच वळलेला असतो. पिल्लू दिसतंय आणि दहा मिनिटांत पुढे सरकत नाही, तर टोपलीत घालून निघायचं. दिसत काहीच नाही, पण जोराच्या कळा अर्धा तास चालू आहेत, तरीही निघायचं. हिरवट-काळा स्राव आला आणि पिल्लू आलं नाही, ताजं लाल रक्त वाहतंय, मांजर निपचित पडलीय, यात घड्याळ बघायचंच नाही.

याउलट काही मांजरी दोन पिल्लं घालून मधेच विसावतात. शांत असतात, खातात, झालेल्या पिल्लांना पाजतात आणि कित्येक तासांनी पुन्हा कळा सुरू होतात. शांत आहे का अस्वस्थ, हाच फरक बघायचा. शंका असेल तर फोन करायचा.

कळा वाढवायचं इंजेक्शन औषधाच्या दुकानातून आणून कोणी टोचू नये. पिल्लू आडवं अडकलं असेल तर त्या कळांनी गर्भाशय फाटतं. आमच्याकडे अशी मांजर आली की आधी सोनोग्राफी किंवा एक्स-रे, मग ठरवायचं, औषध की सिझेरियन.

पिल्लू श्वास घेत नसेल तर त्याला हातात धरून झोके देण्याची जुनी पद्धत सोडा. त्याने मेंदूला इजा होते. डोकं थोडं खाली धरून नाकातोंडातला चिकटा पुसा आणि खरखरीत टॉवेलने पाठ-छाती जोमाने घासा. आई जिभेने करते तेच.

पागोळी – १४ जून, दुपारी ३:४५

आलो घरी. पूल पाण्याखाली जायच्या आत परत आलो एवढं बरं झालं.

डॉक्टरांनी नीट वेळ देऊन पाहिलं. पुढचा पंजा वाचला. तळव्याची गादी दाबली की पांढरी पडते आणि सोडली की लगेच गुलाबी होते, म्हणजे रक्त फिरतंय. मागच्या पायात टाचेखाली काही कळत नाही. चिमटा काढला तरी पिल्लू हलत नाही. ते म्हणाले, खालचा भाग बहुतेक जाणार, पण कुठपर्यंत जाणार हे आज सांगता येत नाही. चार-पाच दिवसांत मेलेल्या आणि जिवंत भागामध्ये एक रेघ उमटेल, तोवर थांबू. अँटिबायोटिकचे थेंब वजनावर मोजून दिलेत. वजन: ठीक असलेलं १०२ ग्रॅम, पंजावालं ९५, पायवालं ८४. जखमी दोन्ही मादी, ठीक असलेला बोका.

मला एकच गोष्ट टोचतेय. मी अकरा वाजता दिवा मालवला.

पशुवैद्य_सातारा – १४ जून, रात्री ९:१०

पागोळी, रात्रभर उशाशी बसणाऱ्यांच्या घरीही हे होतं. कसं होतं ते सांगते.

मांजर पिल्लू झालं की पिशवी फाडते, चाटते, नाळ दातांनी तोडते आणि वार खाऊन टाकते. प्रत्येक पिल्लामागे एक वार. पहिलटकरणीला हे सगळं एकदम जमत नाही, आणि दोन पिल्लं पाठोपाठ आली तर आधीच्याची नाळ तोडायची राहून जाते. मग वारेसकट नाळ पिल्लामागे फरपटत राहते. पिल्लू आंधळं, बहिरं, पण सड शोधायला वळवळत असतं, गोल गोल फिरतं. तीन पिल्लं एकाच ढिगात फिरली की वेणी पडते. त्यात खाली गोणपाट, विरलेली गोधडी, लोकरीचा स्वेटर, फाटका टॉवेल असं सुट्या धाग्यांचं काही असलं की नाळ त्याला चिकटून वाळते.

वाळताना नाळ आवळते. पायातून रक्त परत नेणाऱ्या शिरा पातळ भिंतीच्या, त्या आधी दबतात. रक्त आत येणाऱ्या धमन्या जाड, त्या चालूच असतात. म्हणजे पायात रक्त येतं पण परत जात नाही. पाय सुजतो, सुजला की तोच फास आणखी घट्ट बसतो, शेवटी धमनीही बंद होते. पंजावालं पिल्लू पहिल्या टप्प्यात होतं, पायवालं दुसऱ्या. लालसर जांभळा आणि ऊबदार पाय, तर आशा भरपूर. काळा आणि गार, तर कमी.

म्हणून शेवटचं पिल्लू झाल्यावर प्रत्येकाला एकदा हातात घ्या. मान, चारही पाय, शेपटीचं मूळ, बेंबी. अर्धं मिनिट पुरतं. माणसाचा वास लागला की मांजर पिल्लं टाकते, असं म्हणतात, पण घरची, तुमच्या हाताची मांजर टाकत नाही. अंथरायला धागे न सुटणारं जुनं धुतलेलं सुती लुगडं किंवा चादर घ्या.

संत्रानगरी – १५ जून, सकाळी ११:००

नागपूरहून. विषय थोडा वेगळा, पण नवजात पिल्लाच्या पायाचाच आहे. आमच्या सोसायटीतल्या मांजरीच्या एका पिल्लाचे पुढचे दोन्ही पंजे जन्मापासून आत वळलेत, मनगटावर चालल्यासारखं करतंय. सूज नाही, जखम नाही. दूध पितं. हे बाळंतपणात मोडलं असेल का?

पशुवैद्य_सातारा – १५ जून, दुपारी १:३०

दोन्ही बाजूंना सारखंच आहे आणि सूज नाही, म्हणजे मोडलेलं असण्याची शक्यता कमी. गर्भाशयात दाटी झाली की पाय दुमडलेल्या स्थितीत राहतात आणि स्नायुबंध आखूड होतात. पंजा हलकेच सरळ करून पाहा. थोडा जरी सरळ होत असेल तर चांगली बातमी. दिवसातून पाच-सहा वेळा, दूध पिऊन झोपेला आलं की, पंजा सोसेल एवढाच ताणून दहा-पंधरा सेकंद धरायचा, सोडायचा, पुन्हा. पिल्लू ओरडलं की जास्त झालं. सुरुवातीच्या एक-दोन आठवड्यांत हे बंध लवचीक असतात, त्यामुळे लवकर सुरू केलं तर पुष्कळ पिल्लं पूर्ण सरळ चालतात.

काडी बांधायची असेल तर ती डॉक्टरांकडूनच, कापसाच्या थरावर, आणि एक-दोन दिवसांनी सोडून पुन्हा. पिल्लू रोज दहा-पंधरा ग्रॅमने वाढतं. परवाची बरोबर बसलेली पट्टी आज फास होते. नाळेने जे केलं तेच मग आपली पट्टी करते.

अजिबातच सरळ होत नसेल, किंवा हात आखूड आणि आतल्या बाजूला वाकलेला असेल तर एक्स-रे काढा, कधीकधी पुढच्या पायातलं एक हाडच तयार झालेलं नसतं. तीही पिल्लं जगतात, फक्त मऊ जमीन लागते.

परळकर – १५ जून, संध्याकाळी ६:२०

मुंबईत कोणाला असा प्रसंग आला तर परळच्या बैलघोडा हॉस्पिटलचा विचार करा. बाई साकरबाई पेटिट यांच्या नावाचं हे हॉस्पिटल जुन्या लोकांना याच नावाने ठाऊक आहे. पशुवैद्यकीय महाविद्यालयही परळलाच, १८८६ पासूनचं. माझे वडील गिरणीत होते तेव्हा चाळीतलं कुठलंही जनावर जखमी झालं की तिथेच न्यायचे. राज्यात शिरवळ, परभणी, उदगीर, नागपूर इथेही पशुवैद्यकीय महाविद्यालयं आहेत. जवळचं कुठलं ते आधीच माहीत करून ठेवावं, मांजर व्यायला लागल्यावर शोधाशोध करू नये.

रानवाट – १७ जून, रात्री १०:४०

सगळं वाचलं. कोणाला दुखवायचं नाही, पण मनातलं लिहितो. मी गावात वाढलोय. आईने टाकलेलं, अधू झालेलं पिल्लू जातंच. एवढ्याशा जिवाला औषधं, टोचण्या, पुढे पाय कापणं, हे आपण त्याच्यासाठी करतो की आपल्या मनाच्या समाधानासाठी? त्याला शांतपणे जाऊ द्यावं असं नाही वाटत?

पागोळी – १७ जून, रात्री ११:२५

रानवाट, मला राग नाही आला. पहिल्या दिवशी सासरेही हेच म्हणाले.

पण ठिपकीने पायवालीला टाकलेली नाही. तिलाच जास्त चाटते. आणि पिल्लू म्हणाल तर ते तीन पायांनी रेटा देऊन बोक्याला सडावरून ढकलतं. आज वजन १०९ आहे, तीन दिवसांत २५ ग्रॅम. जायचं असतं तर ते प्यायलं नसतं. ते पितंय तोवर मी त्याच्या बाजूने उभी राहणार.

पशुवैद्य_सातारा – १८ जून, सकाळी ७:१५

रानवाटांचा प्रश्न मला स्वतःला दर आठवड्याला पडतो, म्हणून उत्तर देते. काही पिल्लांना मी शांतपणे झोपवलंय. पोट उघडं पडून आतडी सडलेली, कंबर मोडून मागचा अर्धा भाग गेलेला, वजन रोज घसरणारं आणि ऊब देऊनही गार पडणारं. तिथे ओढत राहणं हा छळ आहे. पण एक पाय जाणं या यादीत बसत नाही. मांजर तीन पायांवर धावतं, चढतं, शिकारही करतं, आणि जे पिल्लू चौथ्या पायावर कधी उभंच राहिलेलं नाही त्याला तो गेल्याचं जाणवतही नाही. मी वजनकाटा बघते. स्वयंपाकघरातला काटा, रोज एकाच वेळी. दोन आठवड्यांत जन्मवजनाच्या दुप्पट झालं पाहिजे.

पागोळी, पावसाळा आहे म्हणून सांगते. माश्या. मेलेल्या मांसावर माशी बसली की दिवसभरात अळ्या पडतात. खोक्याला मच्छरदाणीचं कापड लावा आणि पाय दिवसातून तीन वेळा वास घेऊन, उजेडात बघा. अळ्या दिसल्याच तर कोणी चुना-तंबाखू किंवा टर्पेंटाइन सुचवेल. ते गाईबैलांच्या जखमेत घालतात म्हणून पिल्लाला घालू नका, कातडीतून भिनतं. चिमट्याने काढा आणि तडक दवाखाना गाठा. ठिपकी तो काळा भाग चावायला लागली तर तेही सांगा.

पागोळी – १९ जून, दुपारी १२:३०

रेघ उमटली. टाचेच्या थोडं वर, अगदी पेनाने आखल्यासारखी. खाली काळं, कोरडं, वाळल्या मिरचीसारखं. वर गुलाबी. डॉक्टर म्हणाले कोरडं आहे हेच आपलं नशीब, ओलं सडलं असतं तर विष अंगभर गेलं असतं. आत्ता भूल देणं धोक्याचं, कारण इतक्या लहान जिवाचं यकृत भुलीचं औषध पचवायला तयार नसतं आणि साखर झटकन उतरते. कोरडा भाग आपोआप सुटू द्यायचं ठरलंय.

सासूबाईंनी तिचं नाव ठेवलंय. टिकली.

अबोली_पुणे – १९ जून, दुपारी १:०५

टिकली! टिकणारच ती. पंजावाल्याचं काय?

पागोळी – १९ जून, दुपारी १:२०

पंजावाली ठणठणीत. सूज पूर्ण उतरली, एका बोटाचं नख तेवढं गळून पडलं.

गुलबक्षी – २२ जून, सकाळी ९:००

धागा वाचनखुणेत ठेवलाय. एक विचारते. आमच्या पर्शियन मांजरीच्या पाच पिल्लांपैकी दोन तिसऱ्या दिवशी गेली आणि एकाच्या शेपटीचं टोक काळं पडलंय. दोरा, नाळ काही नव्हतं, नीट पाहिलंय. बाहेरून आणलेल्या बोक्यापासूनची पिल्लं आहेत.

पशुवैद्य_सातारा – २२ जून, रात्री ८:४५

गुलबक्षी, पिल्लांची लघवी लालसर-तपकिरी दिसली होती का? मांजरांतही रक्तगट असतात, ए आणि बी मुख्य. आई बी गटाची आणि पिल्लं बापावर जाऊन ए गटाची झाली, तर आईच्या चिकातली प्रतिद्रव्यं पिल्लांच्या रक्तपेशीच फोडतात. जन्मताना धडधाकट, पहिल्या एक-दोन दिवसांत मलूल, काही जातात. जी वाचतात त्यांच्यात कधीकधी शेपटीचं टोक झडतं. ब्रिटिश शॉर्टहेअर आणि पर्शियनसारख्या जातींत हे जास्त आढळतं. आईचा रक्तगट तपासून घ्या. पुढच्या वेळी, म्हणजे पुढची वेळ येऊ द्यायचीच असेल तर, पहिला दिवसभर पिल्लांना तिचं दूध न देता वेगळं पाजावं लागेल. उरलेल्या तिघांना उद्या दाखवा.

पागोळी – २५ जून, सकाळी ६:३०

आज सकाळी तो भाग गोधडीवर सुटून पडलेला दिसला. रक्त नाही. टोकाला डाळीएवढं हाड दिसतंय. टिकलीने डोळे उघडलेत, एक पूर्ण, एक अर्धा. वजन १७१.

पशुवैद्य_सातारा – २५ जून, सकाळी ६:५०

जन्मवजनाच्या दुप्पट आधीच झालं! हाड उघडं आहे तर आजच डॉक्टरांकडे, टोक साफ करून घ्यावं लागेल. खोक्यात गुळगुळीत कागद नको, घसरून चांगला पाय फाकतो. रबरी चटई किंवा योगासनांची जुनी चटई कापून टाका, वर सुती कापड ताणून. आणि ठिपकी आता खोका बदलू बघेल, मांजर पिल्लांना सात घरं फिरवते म्हणतात ते खोटं नाही. माळ्यावर नेऊ देऊ नका.

पागोळी – २२ ऑगस्ट, रात्री ९:१५

बरेच दिवसांनी लिहितेय, भातलावणीत वेळच मिळाला नाही.

टिकली दहा आठवड्यांची झाली आणि वजन ८३० ग्रॅम. मागच्या आठवड्यात रत्नागिरीला शस्त्रक्रिया झाली. उरलेला अर्धा पाय ती जमिनीवर टेकवायला बघायची आणि टोकाची कातडी पुन्हा पुन्हा सोलवटायची. म्हणून डॉक्टरांनी मांडीच्या मध्यापासून काढला, म्हणजे टेकवायला काही उरतच नाही. मला आधी वाटलं होतं जेवढा राहील तेवढा ठेवावा. तसं नसतं, हे पटायला मला दोन दिवस लागले. शस्त्रक्रियेआधी तिला फार वेळ उपाशी ठेवायचं नव्हतं, त्यामुळे पहाटेपर्यंत दूध दिलं. शुद्धीवर आल्यावर चार तासांत तिने मासा खाल्ला. टाके परवा निघतील.

पंजावाली आणि बोका शेजारच्या काकींनी नेलेत. टिकली इथेच राहणार, हे सासऱ्यांनी जाहीर केलंय. ते जेवायला बसले की ती त्यांच्या पाटावर चढते आणि ते तिला उतरवत नाहीत.

ताई, एक विचारायचं होतं. ठिपकी परवापासून लोळतेय, ओरडतेय, बाहेर दोन बोके फिरताहेत. पिल्लं अजून अधूनमधून पितात तिला. एवढ्यात पुन्हा माजावर येते का? तिची नसबंदी टिकलीच्या टाक्यांबरोबरच करून घेता येईल का?

पशुवैद्य_सातारा – २२ ऑगस्ट, रात्री ९:४०

येते, पाजत असतानाही येते. करून घेता येईल. आजपासून तिला आत कोंडा, पडवीचं दार बंद ठेवा आणि परवा दोघींना एकाच टोपलीतून घेऊन जा. ठिपकीला आदल्या रात्री दहानंतर खायला नको, पाणी चालेल.

पागोळी – २२ ऑगस्ट, रात्री ९:४४

दार लावून आले.